कोठीला कीड नाही

मंगळवार, ता. ९ जानेवारी १९७३

आजपासून ही वही मी खासगी म्हणून राखीत आहे. डॉक्टरांनी दिलेली वही निराळी. तिच्यात आजाऱ्यांची नावे लिहावयाची असून ती पुढे पुण्यास जाईल. ही माझ्या पेटीत राहील.

दिवाळीपासून आमच्या बोरदरे गावी फेफऱ्याची साथ आहे. धडधाकट माणूस चालता चालता पडतो, हातपाय झाडतो, तोंडास फेस येतो. पायातील वहाण नाकास लावली म्हणजे काही वेळाने शुद्धीवर येतो. आजवर अकरा जणांना झाले. अंगारे झाले, भैरोबाचा कौलही लावून झाला. अखेर जामखेडच्या दवाखान्याने पुण्यास कळविले व आज तेथून डॉक्टर आले.

त्यांचे नाव जॉर्ज असे कळल्यावरून कोणी गोरा साहेब येणार या समजुतीने मी काळा कोट चढवून एस.टी.च्या फाट्यावर उभा राहिलो. उतरला तो सावळा, पस्तिशीचा, श्रीरामपूरकडचा गृहस्थ. म्हणाला, "आजोबा, फार वेळ उन्हात उभं केलं तुम्हाला." सोबत मेरीबाई नावाच्या नर्स आहेत.

त्यांना लिहिता-वाचता येणारा व गाव ज्याचे ऐकते असा माणूस हवा होता. सरपंचांनी माझ्याकडे बोट दाखविले. मी सन १९१२ साली व्हर्नाक्युलर चौथी उत्तीर्ण झालो असून अक्षरात तालुक्यात दुसरा होतो, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले नाही.

चावडीत सोय केली असता दोघांनी ख्रिस्ती आळीत उतरणे पसंत केले. मला बरे वाटले, कारण पाण्याच्या पेल्याचा प्रश्न आपोआप मिटला. हे वाक्य लिहावयास नको होते. परंतु खासगी वहीत खोटे लिहिण्याचे प्रयोजन नाही.

गुरुवार, ता. ११ जानेवारी

दोन दिवस घरोघर फिरत आहोत. पाणी कोठले, तेल कोणते, भांडे कशाचे, शेवटी काय खाल्ले होते, असे प्रश्न डॉक्टर विचारतात व मी लिहितो. एक प्रश्न ते सर्वांस विचारतात: "पडण्याआधी हातापायाला हिसके बसत होते का? हातातली वस्तू उडायची का?" बहुतेकांनी होय म्हटले. असले क्षुल्लक प्रश्न विचारून काय साधते ते मला कळत नाही.

दुपारी त्यांना भैरोबामागील धान्यकोठी दाखविली. सुगीत प्रत्येक घराने देवाच्या नावे जोंधळा घालावा व अवर्षणात तो सर्वांनी खावा, ही आमची जुनी वहिवाट. कोठी तेवीस वर्षे माझ्या हाती आहे. यंदासारखा दुष्काळ मी बहात्तर वर्षांत पाहिला नाही. परंतु बोरदऱ्यात दिवाळीपासून प्रत्येक चुलीवर कोठीची भाकरी आहे. मी मूठभर जोंधळा डॉक्टरांच्या हातावर ठेवला. एका दाण्यास भोक नाही. सोंडे किडा औषधालाही मिळावयाचा नाही. पूर्वी उंदीर होते; यंदा तेही मरून पडलेले आढळले.

डॉक्टरांनी विचारले, "हे कसं साधता?" मी म्हणालो, निष्ठेने. कोठीवाल्याची विद्या कोठीवाल्याजवळ राहावी. घरी सौ. मुक्ताबाईखेरीज ती कोणास ठाऊक नाही.

रविवार, ता. १४ जानेवारी. संक्रांत

तीळ मिळाले नाहीत. गुळाचा खडा देऊन गोड बोला म्हटले. नात छबू हिच्या हाती खडा देत असता माझा उजवा हात आपोआप वर उडाला व खडा तिच्या कपाळास लागला. ती हसली. "आजा, मारता व्हय?" म्हणाली. थंडी फार आहे. या वयात रक्त थंडावते.

बुधवार, ता. १७ जानेवारी

काल लिहिता आले नाही. काल सकाळीच कोठीच्या पायरीवरून तोल जाऊन पडलो. जोडा झिजला आहे. पडलो ते आठवत नाही, इतकी जलद घटना घडली. डोळे उघडले तेव्हा आकाश दिसले व जीभ चावली गेल्यामुळे तोंडात रक्त होते. सौ. मुक्ताबाई उशाशी बसली होती. माझ्या डोक्याजवळ एक झिजलेली बायकी वहाण पडली होती आणि मिशीस कातड्याचा वास येत होता. हे काय, म्हणून विचारता, कुत्र्याने आणून टाकली असेल, असे तिने सांगितले. आमच्या गल्लीत कुत्री फार झाली आहेत.

डॉक्टरांना कळविण्यासारखे यात काही नाही.

सोमवार, ता. २२ जानेवारी

यादी सोळावर गेली. आज डॉक्टरांनी जमिनीवर कोळशाने गावाचा नकाशा काढला व आजाऱ्यांच्या घरांवर खडे ठेवले. वरची आळी, मधली आळी, माळावरची वस्ती, सर्वत्र खडे. ख्रिस्ती आळीतील एकवीस घरांत मात्र एकच, साळूबाईच्या घरावर. तिच्या धाकट्या मुलीस फेफरे येते.

डॉक्टरांनी त्या एका खड्यावर बोट ठेवले. मग म्हणाले, "तात्या, या आळीत आणि बाकीच्या गावात फरक काय?" मी म्हणालो, पुष्कळ आहे, त्यांचा देव निराळा, आड निराळा. ते म्हणाले, "आणि खाणं?" मी म्हणालो, त्यांना कोठीचा जोंधळा मिळत नाही, कारण त्यांनी सुगीत आपला वाटा घातला नव्हता. मेरीबाई म्हणाल्या, "घालायला बोलावलं होतं का?" कोणी बोलाविले नव्हते. मी बोलाविले नव्हते. वहिवाट नव्हती. ती माणसे सरकारी कामावर मिळणारा लाल मिलो, म्हणजे अमेरिकेचा जोंधळा, खातात.

मग साळूबाईच्या मुलीस कसे, असे त्यांनी विचारले. साळूबाई कोठीचे अंगण झाडते; सांडलेले दाणे ती नेते व आमच्या घरची एक भाकरी तिला रोज मिळते. ती भाकरी कोण खाते, असे विचारले. ते मला कसे ठाऊक असणार? मेरीबाईंनी सांगितले की मुलगी खाते.

डॉक्टरांनी वहीत काहीतरी इंग्रजीत लिहिले व दोनदा खाली रेघ ओढली.

रविवार, ता. २८ जानेवारी

मालनबाई गेली. छगनची बायको, वय तीस. सकाळी आडावर पोहरा ओढीत असता तिला फेफरे आले व ती आत गेली. आडात पाणी कमरेइतकेही नाही. खाली खडक आहे.

गेल्या आठवड्यातच ती कोठीवर आली होती. मी तिच्या पदरात जोंधळा घातला तेव्हा तिचा हात थरथरत होता व थोडे दाणे सांडले. मी तिला बोललो, दुष्काळात देवाचे धान्य असे सांडू नये. तिने एक एक दाणा वेचून घेतला होता.

बुधवार, ता. ३१ जानेवारी

छगनने चावडीसमोर उभे राहून सांगितले की हे ख्रिस्ती आळीचे काम आहे. "समद्या गावाला फेफरं, आन् त्यांनाच कसं न्हाई? आपन जोंधळा दिला न्हाई, म्हून त्यांनी आपल्या आडात काय तरी टाकलं." तो मोठ्याने बोलला नाही. म्हणूनच लोकांनी ऐकले. साळूबाईच्या मुलीचे कोणी काढले असता, तो देखावा आहे, असे तो म्हणाला.

खडीच्या कामावर आज आळीच्या माणसांना कोणी टोपली उचलू लागले नाही.

कोणीतरी माझे मत विचारले. मी म्हणालो, पुराव्याशिवाय बोलणे योग्य नव्हे. हे बरोबर उत्तर होते. तरीही घरी येताना मला बरे वाटत नव्हते.

शुक्रवार, ता. २ फेब्रुवारी

आजचा प्रसंग सविस्तर लिहिणे भाग आहे.

आम्ही कडूबाईच्या घरी गेलो. वय साठ, जीभ तिखट, नात्याने माझी चुलत भावजय. तिच्या मुलास तीनदा झाले आहे. डॉक्टरांनी जोंधळ्याचा वास घेतला व, धान्य धुऊन घेता का, असे विचारले. ती म्हणाली, "धुवायचं? तात्याभावजींना इचारा. त्या जोंधळ्याला कसला तरी उग्र वास येतो, भाकरी तव्यावर टाकली की डोळं चुरचुरत्यात. आमी बाया म्हनलो धुवून घिऊ, तर ह्यांनी दवंडी दिली, देवाचं धान्य चोख हाय, पाखडू नगा, पाणी वाया घालवू नगा. समद्या बायांना वास आला. ह्यांच्या एकट्याच्याच नाकाला आला न्हाई."

डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले. "तात्या, जोंधळ्यात काय घालता?"

मी त्यांना कोठीत नेले व मागच्या कोपऱ्यातील पोते दाखविले. दोन वर्षांपूर्वी नाकतोडे पडले तेव्हा पिकावर मारण्यासाठी आणलेली ही बी. एच. सी. पावडर उरली होती. पोत्यावर इंग्रजी मजकूर आहे. मला इंग्रजी येत नाही. परंतु जे किड्यास शेतात मारते ते कोठीतही मारील, एवढे समजण्यास इंग्रजी लागत नाही. पूर्वी सौ. मुक्ताबाई कडुनिंबाचा पाला व राख घालीत असे व तरीही कीड लागे. गेल्या साली मी पोत्यास एक ओंजळ पावडर घातली. यंदा दुष्काळ लांबणार असे दिसल्यावरून दोन. स्वतःच्या हातांनी, कोपरापर्यंत कालवून. हे सर्व मी त्यांना ताठ उभा राहून सांगितले.

डॉक्टर उंबऱ्यावर बसले. नंतर त्यांनी हळू आवाजात समजावून दिले की ही पावडर किड्याच्या मज्जातंतूंवर जशी काम करते तशीच माणसाच्या मज्जातंतूंवर करते. रोज थोडी थोडी अंगात साठते. प्रथम हिसके, मग फेफरे. धान्य आजच बंद करावे लागेल. नमुना ते पुण्यास तपासणीस पाठविणार. उत्तर येण्यास महिना लागेल, पण त्यांची खात्री आहे.

मी म्हणालो, हे अशक्य आहे. ती माझ्या हातांनी कालविली. तोच जोंधळा माझ्या चुलीवर तीन महिने आहे. विष असते तर पहिला मी पडलो असतो.

ते म्हणाले, "तेच विचारतो. तुम्हाला कधी हिसका, कधी चक्कर, कधी पडणं?"

मी नाही म्हणालो.

मंगळवार, ता. ६ फेब्रुवारी

डॉक्टरांनी चावडीत सर्वांसमोर सांगितले. नकाशा काढला, खडे मांडले. बायका मान हलवीत होत्या. पुरुषांना पटले नाही. तीन महिने कोठीनेच जगविले, ती मारील कशी?

मग छगन उठला. "डॉक्टर, तुमी आळीत उतरला, आळीचं मीठ खाल्लं, तुमी दुसरं काय बोलनार? मला येवढंच सांगा. पावडर तात्यांनी हातानं कालवली. जोंधळा तात्या खात्यात. बहात्तर वर्साचं म्हातारं. मग त्यांना का न्हाई झालं? तात्या, तुमी सांगा. झालं का तुमाला काय?"

सर्व गाव माझ्याकडे पाहत होते. डॉक्टरही पाहत होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता. माझा उजवा हात कोटाच्या खिशात होता व मी तो डाव्या हाताने बाहेरून धरून ठेवला होता.

मी म्हणालो, "मी ठणठणीत आहे."

ठराव झाला की येत्या रविवारपर्यंत ख्रिस्ती आळीने गाव सोडावे. न सोडल्यास गाव काय ते पाहून घेईल. कोठी चालूच राहील. सभा उठताना दोघातिघांनी माझ्या पायास हात लावला.

डॉक्टर जाताना एवढेच म्हणाले, "शंभर माणसं मोजली, तात्या. तुमचं एक उत्तर त्या सगळ्यांना जड झालं."

गुरुवार, ता. ८ फेब्रुवारी

छबूस फेफरे आले. सकाळी न्याहारी करीत असता. भाकरीचा घास तिच्या तोंडात होता. नऊ वर्षांचे पोर. तिचे आईबाप तलावाच्या कामावर गेलेले. मी तिचे पाय धरले, परंतु माझेच हात थाऱ्यावर नव्हते.

ती निजल्यावर सौ. मुक्ताबाई माझ्यासमोर येऊन बसली. एकोणसाठ वर्षांच्या संसारात ती अशी समोर कधी बसली नव्हती. तिचे शब्द मी जसेच्या तसे लिहितो.

"तुमी दोनदा पडलाव. एकदा पायरीवर, एकदा गोठ्यात. गोठ्यातलं तुमाला म्हाईतच न्हाई. दोनी बारी साळूबाईनं तिची वहाण तुमच्या नाकाला लावली. दातखीळ बसली हुती, तिनंच बोट घालून काढली. तिच्या बोटाला अजून वरखडा हाय."

मी विचारले, कुत्रे का म्हणालीस?

"खरं सांगितलं असतं तर तुमी त्या बाईला पुन्यांदा दारात उभी केली नसती. मंग तिसऱ्यांदा पडल्यावर मी कुनाला हाक मारनार हुते?"

मग ती उठली व परातीतील कोठीचे पीठ उकिरड्यावर टाकून आली. मला विचारले नाही. दुपारी साळूबाईकडून मिलोची लाल भाकरी आली. छबूने खाल्ली. मी उपाशी राहिलो. नंतर अर्धी खाल्ली.

शनिवार, ता. १० फेब्रुवारी

मागील पाने वाचली. गुळाचा खडा. झिजलेला जोडा. रक्त थंडावणे. पहिल्याच पानावर खासगी वहीत खोटे लिहिण्याचे प्रयोजन नाही असे लिहिले आहे. अक्षर मात्र सुरेख आहे.

मालनबाईने वेचलेल्या दाण्यांचा विचार मनातून जात नाही. चावडीत मी होय म्हणालो असतो तर मालनबाई परत येणार नव्हती. परंतु ती कशाने गेली ते छगनला कळले असते. तो ज्यांना हाकलू पाहत आहे त्यांच्यापैकी एकीने माझी दातखीळ काढली आहे.

उद्या रविवार.

सोमवार, ता. १२ फेब्रुवारी

कालचे काही मला आठवते व काही मला इतरांनी सांगितले. दोन्ही निरनिराळे लिहितो.

मला आठवते ते असे. सकाळी भैरोबासमोर माणसे जमली होती. काहींच्या हाती काठ्या होत्या. आळीतील लोक गाठोडी घेऊन आडाजवळ उभे होते. साळूबाई मुलीस कडेवर घेऊन होती. मी कोट घातला नव्हता. पायरीवर चढून मी म्हणालो की मंगळवारी मी खोटे बोललो. संक्रांतीस माझा हात उडाला. सोळा तारखेस मी कोठीच्या पायरीवर पडलो, व दुसऱ्यांदा गोठ्यात. दोन्ही वेळा साळूबाईची वहाण माझ्या नाकास लागली. पावडर मी घातली. धुऊ नका, पाखडू नका, असे मीच सांगितले. आडात कोणी काही टाकलेले नाही. टाकले ते मी, आणि कोठीत. छगन, मालनबाई माझ्या जोंधळ्याने गेली.

छगन गर्दीतून पुढे आला. माझ्यासमोर उभा राहून तो वाकला व त्याने उजव्या पायातील वहाण काढून हातात घेतली. मी मान खाली घातली. तो त्याचा अधिकार होता. मग माझा हात उडाला, खांदा उडाला, आणि पुढील मला ठाऊक नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा प्रथम वास कळला. मी भैरोबाच्या पायरीखाली आडवा होतो व वहाण माझ्या नाकाशी होती.

इतरांनी सांगितले ते असे. वहाण छगनची होती. ती धरली होती छगननेच. तो गुडघ्यावर बसून होता, दुसऱ्या हाताने त्याने माझे डोके दगडावर आपटू दिले नाही. मी डोळे उघडल्यावर तो उठला व एका पायाने अनवाणी निघून गेला. वहाण तेथेच राहिली. काठ्या घेऊन आलेले लोक थोड्या वेळाने आपापल्या घरी गेले. आळीच्या लोकांनी गाठोडी परत नेली.

डॉक्टरांनी वही उघडून माझ्यासमोर धरली व म्हणाले, "तुम्हीच लिहा. अक्षर तुमचं चांगलं आहे." अनुक्रमांक एकोणीस. राधाकृष्ण, वय ७२, कोठीवाले. सुरुवात: १४ जानेवारी, किंवा त्यापूर्वी. मी सही केली.

गुरुवार, ता. १५ फेब्रुवारी

माळाच्या पलीकडे खोल चर खणून कोठीचा सर्व जोंधळा पुरला. बायका कडेला उभ्या राहून पाहत होत्या. दुष्काळात धान्य मातीत जाताना पाहणे कठीण आहे. कडूबाई म्हणाली, "दोन सालं उंदरांनी खाल्लं असतं तर बरं झालं असतं."

डॉक्टर म्हणतात, धान्य बंद झाल्यावर बहुतेकांचे फेफरे काही आठवड्यांत थांबेल, कोणाचे राहीलही. छबूचे थांबेल असे ते म्हणतात. माझ्याविषयी मी विचारले नाही. प्रत्येक हिसक्याची वेळ लिहून ठेवावयास त्यांनी सांगितले आहे. इतर गावांतही कोणी असेच करीत असेल, त्यांच्यासाठी हे कागद उपयोगी पडतील. छबू हल्ली साळूबाईच्या ओसरीवर तिच्या मुलीबरोबर जेवते.

संध्याकाळी छगनची वहाण धुऊन, हातात घेऊन त्याच्या घरी गेलो. तो दारात दोर वळीत बसला होता. पायांत दुसऱ्या कोणाच्या वहाणा होत्या. मी त्याची वहाण त्याच्यासमोर ठेवली. मला म्हणावयाचे होते ते मी पाठ करून आलो होतो, परंतु एकही वाक्य आठवले नाही.

त्याने वर पाहिले नाही. दोराचा पीळ हातात धरून म्हणाला, "न्ह्या परत, तात्या. असू द्या तुमच्याच उशाला. लागंल आजून."

मी ती घेऊन आलो. उशाशी ठेवली आहे.

शुक्रवार, ता. १६ फेब्रुवारी

सकाळी सव्वासात. उजवा हात, तीन वेळा. पेला पडला. नोंद केली.